राहता कुठे?

गेल्या महिन्यातील गोष्ट. माझी मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आज एकाला भेटायला चालले आहे. आम्ही दोघेच असे पहिल्यांदाच भेटतोय. तुला खोटे सांगायचे नव्हते म्हणून सांगते." मी चहाचे आधण ठेवत होते. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "राहतो कुठे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आडनाव काय त्याचे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तूसुद्धा?" एवढेच म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

वीस वर्षे मी कल्याणच्या कोर्टात वकिली करते. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलामुलींची प्रकरणे चालवते. जयंतीच्या सभांतून जातीअंतावर बोलते. स्वतःचे लग्न जात न पाहता केले. आणि माझ्याच मुलीने विश्वासाने पहिल्या भेटीची गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या तोंडून पाटलाच्या ओसरीवर बसून विचारावेत तसे प्रश्न बाहेर पडले! आंबेडकरी म्हणवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या घरातील जात शोधण्यापूर्वी आपल्या घरात दिवा लावून पाहावे, म्हणून हा लेख.

पत्ता म्हणजे काय?

'राहता कुठे' हा प्रश्न जगात कुठेही विचारला जातो. घर लांब असेल तर लवकर निघायला हवे, कोणती गाडी पकडायची, एवढाच त्याचा अर्थ असतो. आपल्या देशात मात्र हा प्रश्न तोंडाने पत्ता विचारतो आणि डोळ्यांनी जात शोधतो. खेड्यात तर विचारायचीही गरज नसे. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा अशी पत्त्यांचीच जातवार वाटणी झालेली होती. शहरात आपण आलो, वाड्यांची नावे बदलली, पाट्या नव्या लागल्या. पण भीमनगर, रमाबाई नगर, सिद्धार्थ नगर, अण्णाभाऊ साठे नगर असा पत्ता सांगितला की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. त्याला हवे ते उत्तर मिळालेले असते.

माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बांधलेल्या या चाळी. खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर २० खोल्या, एका इमारतीत ८० बिऱ्हाडे आणि संडास मजल्यावर सामाईक. आमच्या खोलीत आम्ही आठजण होतो. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली आणि त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. त्या खोलीत मी कॉटखाली कंदील नव्हे, पण टेबललॅम्प घेऊन अभ्यास केला आहे. सामूहिक जीवनाचे सुख त्या चाळीने भरपूर दिले. कुणाचे दुखलेखुपले तर अख्खा मजला धावायचा. पण मनातली एखादी गोष्ट मनात ठेवायलासुद्धा तिथे जागा नव्हती. एखाद्या मुलाने वही परत करायला जिन्यात हाक मारली, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी चारही मजल्यांवर पोचत असे.

आणि एवढे प्रेम असूनही कॉलेजात मी पत्ता सांगताना 'दादर ईस्ट' सांगत असे. नायगाव म्हणत नसे, बीडीडी तर मुळीच नाही. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. आमच्या पिढीतील कितीतरी मुलामुलींनी असा अर्धा पत्ता सांगून दिवस काढले आहेत.

दोन चहा आणि एक ब्रुनमस्का

माझ्या नवऱ्याची आणि माझी ओळख ६ डिसेंबर २००३ रोजी शिवाजी पार्कवर झाली. चैत्यभूमीच्या दर्शनाला आलेल्या लोकांसाठी आमच्या मंडळाचा पाणीवाटपाचा स्टॉल होता, शेजारी पुस्तकांचा स्टॉल होता. तो पुस्तकांच्या स्टॉलवर पावत्या फाडत होता. लातूर जिल्ह्यातून आलेला, वसतिगृहात राहून शिकणारा. पुस्तकांवरून बोलणे झाले, वाद झाला. पुढे दोन महिन्यांनी, मोठ्या धीराने, आम्ही दोघेच भेटायचे ठरवले.

जागा ठरवण्यातच आठ दिवस गेले. दादरला कुणी ना कुणी बघणार. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मंडळाचे कार्यकर्ते. राजगृहासमोर? तिथे तर मी लहानपणापासून चालत जायचे, पण त्या घरासमोर असे भेटायला संकोच वाटला. शेवटी फोर्टमधील एका इराणी हॉटेलात भेटलो. दोन चहा आणि एक ब्रुनमस्का. बिल निम्मे निम्मे. इराण्याच्या हॉटेलाची मोठी कृपा ही की तिथे बसलेल्याला कुणी 'तुम्ही कोण' विचारत नाही. चहा संपला तरी बराच वेळ उठवतही नाहीत.

त्याने विचारले, "तुम्ही राहता कुठे?" मी सवयीने म्हटले, "दादर ईस्ट." मग काय वाटले कोण जाणे, म्हटले, "खरे म्हणजे नायगाव. बीडीडी चाळ." तो हसला आणि म्हणाला, "मीही सगळ्यांना नुसते लातूर सांगतो. आमचे घर गावाबाहेर आहे. मांगवाड्यात."

आज वीस वर्षांनंतर मला त्या भेटीतले दुसरे फारसे काही आठवत नाही. त्याने कोणता शर्ट घातला होता, मी काय बोलले, काही नाही. पण दोघांनी एकमेकांना आपला खरा पत्ता सांगितला, हे आठवते. माझ्या मते पहिली भेट म्हणजे हेच. दुसरे सगळे चहापाणी.

तिथून आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. मुंबईतील जोडपी समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून का बसतात, हे मला त्या दिवशी कळले. लोक त्यांना निर्लज्ज म्हणतात. पण ज्यांच्या खोलीत आठ माणसे झोपतात त्यांनी बोलायचे कुठे? श्रीमंताच्या मुलाला दिवाणखाना असतो, गाडी असते, क्लब असतो. चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या मुलाला समुद्राचा कठडा असतो, आणि तिथेही हवालदाराची काठी असते. पोलीस कायद्याच्या कलम ११० मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाला मनाई आहे. असभ्य म्हणजे काय, ते बहुतेक वेळा हवालदारच ठरवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांच्या बंद खोल्यांतून जोडप्यांना बाहेर काढून याच कायद्याखाली कारवाई झाली होती, तेव्हा सगळीकडून टीका झाली. बंद खोली सार्वजनिक जागा कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कोणत्या पुस्तकात आहे?

मुंबईत निदान दंडावर भागते. अहमदनगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरमधील, खर्डा गावात एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला उच्च जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकण्यात आले. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कॉलेजला जाणाऱ्या वयाच्या पोराला एका बोलण्याची किंमत जिवाने मोजावी लागते, त्या गावाला 'राहण्याची आदर्श जागा' कोण म्हणेल? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, ते उगाच नव्हे. त्यांनी खेडे आतून पाहिले होते.

टेम्पोतील फोटो

२००५ मध्ये आम्ही विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केले. या कायद्याचा नोटिशीचा नमुना वाचकांनी एकदा वाचावा. नाव, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण आणि कायमचा पत्ता. कायदासुद्धा पहिला प्रश्न तोच विचारतो, राहता कुठे! दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असले पाहिजे. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि ३० दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथेही ती लावली जाते. आमची प्रत लातूरला गेली. आठवड्याच्या आत गावात बोभाटा झाला. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी केलेला कायदा त्यांचा पत्ता भिंतीवर चिकटवतो, हा काय न्याय? जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे ऐच्छिक मानावे, असा निकाल दिला. परंतु मूळ कायद्यातील कलमे संसदेने अद्याप काढलेली नाहीत.

लग्नानंतर घर शोधायला निघालो. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार, डिपॉझिट, दलाली, सारे ठरलेले. दलाल आधी आडनाव विचारी, मग 'नॉनव्हेज खाता का' विचारी. एका ठिकाणी सगळे जमले. मालकीणबाई फार गोड बोलल्या. सामानाचा टेम्पो दारात लागला. सर्वात वर, फुटू नये म्हणून गादीवर ठेवलेला, तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो होता. बाई गॅलरीतून बघत होत्या. जिना चढेपर्यंत त्यांच्या भाच्याची बदली कल्याणला झाली आणि खोली त्याला द्यायची ठरली! डिपॉझिट त्यांनी तत्काळ परत केले. वकील असून मी काहीही करू शकले नाही. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, पण भाड्याच्या खोलीचा उल्लेख नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा सहकारी संस्थेचा उपविधी वैध आहे. संख्येने लहान असलेल्या समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटते, हे मी समजू शकते. परंतु तोच नियम संख्येने आणि पैशाने मोठ्या असलेल्यांनी वापरला की गावकुसाबाहेर ठेवलेले वाडे शहरात पुन्हा उभे राहतात. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च जातीच्या नावाने फोन केला तर नकार जवळजवळ नाहीच. दलित आणि मुस्लिम नावाने फोन केला की अनेकदा नकार किंवा अटी. घर तेच, भाडे तेच.

बाबासाहेबांनी हे आधीच भोगले होते. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला नाव लपवून पारशी वसतिगृहात राहावे लागले. लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही अडचणी सांगितल्या. शेवटी बागेत बसून रडून ते मुंबईच्या गाडीत बसले. ज्यांनी देशाला घटना दिली त्यांना एका रात्रीपुरते छप्पर या देशाने दिले नव्हते. पुढे परळच्या बीआयटी चाळीत दिवस काढून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ते कुठे बांधले याकडे लक्ष द्या. आणि कशासाठी बांधले? पुस्तकांसाठी! राहण्याची आदर्श जागा कशी असावी, याचे उत्तर त्यांनी वास्तूतच लिहून ठेवले आहे. जिथे आपल्याला नको म्हणतात तिथे ताठ मानेने जायचे आणि घरात सर्वात मोठी जागा ज्ञानाला द्यायची.

आपल्यातला म्हणजे कोण?

इथवर सर्व बोटे दुसऱ्यांकडे दाखवली. आता आपल्याकडे वळू.

माझे वडील कट्टर आंबेडकरी. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. मी लग्नाचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पोरगा चांगला आहे, शिकलेला आहे. पण आपल्यातला नाही." मी विचारले, "बाबा, आपल्यातला म्हणजे कोण?" त्यांनी उत्तर दिले नाही. सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला आहे. ते पुस्तक आमच्या खोलीत होते. वडिलांनी ते कितीतरी लोकांना वाचायला दिले होते. पुस्तकातली गोष्ट जिना चढून घरी आली तेव्हा मात्र ते गडबडले.

शेवटी ते आले. नोंदणीच्या दिवशी कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र होते. तिसरा येईना म्हणून आम्ही खोळंबलो होतो. इतक्यात वडील आले, कुणाशी काही न बोलता चष्मा लावला आणि तिसरी सही केली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना सहा महिने लागले, पण ते पोचले.

टेम्पो परत फिरल्यावर ज्या इमारतीत आम्हाला खोली मिळाली ती आपल्याच लोकांची होती. फोटो बघून सगळ्यांनी जयभीम केला, सामान चढवू लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ताई हळूच म्हणाल्या, "साहेब कुठल्या समाजाचे म्हणायचे?"

गेल्या वर्षी माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आले. चळवळीत आयुष्य घालवलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्या मुलीने चर्मकार समाजाच्या मुलाशी लग्न ठरवले होते आणि नोटीस लागली होती. त्यांचे म्हणणे, "ताई, हरकत कशी घेता येईल ते सांगा." मी त्यांना कायदा समजावून सांगितला. मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असेल, दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात नसेल, दोघांची मानसिक स्थिती ठीक असेल आणि निषिद्ध नाते नसेल, तर बापाच्या नाराजीला हरकत म्हणून किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंग प्रकरणात आणि २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सज्ञान मुलामुलींच्या निवडीच्या बाजूनेच निकाल दिला आहे, अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश दिले आहेत. मग मी त्यांना माझ्या वडिलांच्या तिसऱ्या सहीची गोष्ट सांगितली. ते उठून गेले. फी द्यायला निघाले होते, मी घेतली नाही. पुढे ते लग्नाला गेले की नाही, मला ठाऊक नाही. मुलीचा संसार चालू आहे, एवढे ठाऊक आहे.

देशात आजही शंभरातील सुमारे पाचच विवाह जातीबाहेर होतात, असे २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात दिसले. उरलेल्या ९५ मध्ये आपणही आहोत. आपले वधू-वर मेळावे बघा. मंचावर बाबासाहेबांची प्रतिमा आणि फॉर्मवर पोटजातीचा रकाना! हा रकाना कुणी मनुवाद्याने छापलेला नाही.

मग राहावे कुठे?

मला विचाराल तर राहण्याची आदर्श जागा म्हणजे डोंगरावरचा बंगला नव्हे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला. आनंद आहे. तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्यांना दाराला कडी असलेली वेगळी खोली मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण नुसत्या फुटांनी भागत नाही. ज्या गल्लीतून मुलगी रात्री दहाला एकटी चालत घरी येऊ शकते, जिथे चालत जाण्याइतके जवळ वाचनालय आहे, जिथे बागेतील बाकावर दोघे बसले तर कुणी काठी आपटत नाही, आणि जिथे पूर्ण पत्ता सांगताना जीभ अडखळत नाही, ती जागा आदर्श.

अशी जागा बिल्डर देणार नाही. काही भाग कायद्याने मिळवावा लागेल. जात आणि धर्म पाहून घर नाकारण्यावर स्पष्ट बंदी, विशेष विवाह कायद्यातील जाहीर नोटीस रद्द करणे आणि जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात खरोखर चालणारे सुरक्षागृह, या तीन मागण्या चळवळीने लावून धरल्या पाहिजेत. उरलेला भाग आपल्याच हातात आहे. आपल्या वस्त्यावस्त्यांत बुद्ध विहारे आहेत. रविवारची वंदना झाली की पुष्कळ ठिकाणी कुलूप लागते. ते उघडा. तिथे वाचनालय करा, संध्याकाळी मुलामुलींना उजेडात, मोकळेपणाने, चर्चेला बसू द्या. मुलगी कुणाला भेटते म्हणून तिच्यामागे भाऊ पाठवण्यापेक्षा त्या मुलाला घरी चहाला बोलवा. लपून भेटणाऱ्या मुलीला फसवणे सोपे असते. जिच्या घराला सर्व माहीत आहे तिच्या पाठीशी घर उभे असते. आणि फॉर्मवरचा तो रकाना यंदापासून काढून टाका.

माझी मुलगी त्या दिवशी संध्याकाळी सातला परत आली. मी तिची माफी मागितली. आईने मुलीची माफी मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून ती जरा गोंधळली. मग हसली आणि म्हणाली, "भेळ खाल्ली आणि तलावावर बसलो. तो सारखा क्रिकेटवर बोलत होता. बघू." पुढच्या रविवारी तो चहाला येणार आहे. आडनाव मी अजून विचारलेले नाही, विचारणारही नाही. काय वाचतोस, एवढे मात्र विचारणार आहे. क्रिकेटशिवाय काही वाचत नसेल, तर राजगृह बघायला दोघांना एकत्रच पाठवीन.